मनाची निगा (दैनंदिन)

मनाची निगा : झोप, हालचाल, माणसांची सोबत आणि चिंतेला नेमून दिलेली जागा यांच्या आधाराने मनाचा तोल रोजच्या रोज सांभाळण्याच्या सवयी. आजारावरच्या उपचारांपासून त्या वेगळ्या मानल्या जातात. तरी सौम्य नैराश्यात आणि चिंताविकारात यांतल्याच बऱ्याचशा सवयी उपचार म्हणून शिकवल्या जातात. ‘चांगले विचार करा’ हा लाडका सल्ला येथे मुद्दामच घेतलेला नाही. विचार हुकमाने बदलत नाहीत. उठण्याची वेळ बदलता येते आणि मनःस्थिती तिच्या मागून येते. पुढील तपशील बडोद्यातील मराठी घरांचा दिनक्रम डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे.

सर्वांत मोठा वाटा झोपेचा. झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून रविवार धरून रोज एकाच वेळी उठणे हा पहिला नियम. डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे आणि पुन्हा पेंग आली की परतावे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचाराचा गाभा आहे. पहिला आठवडा हमखास वाईट जातो, दिवसा डोळे मिटतात आणि बहुतेकजण तिथेच सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे वीस मिनिटे मोजण्यासाठी सारखे घड्याळ पाहणे. चहातील कॅफीन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे शेवटचा कप चारच्या आत.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या अनेक घरांत आता दोघेच म्हातारे उरले आहेत आणि मुले अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या मुलाला रविवारी सकाळी अकराला सवड मिळते तेव्हा बडोद्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेबारा). नातवंडे पाहून मन भरते, झोप मात्र उडते. हाच फोन इथल्या सकाळी साडेआठला ठेवला तर तिथे संध्याकाळचे सात-आठ असतात. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असली की बाकीच्या दिवशी फोनकडे डोळे लावून बसणेही कमी होते.

नवरात्रात शहराची झोप नऊ रात्री विस्कटते. एरवी निरोगी माणसाने उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नये आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची डुलकी काढावी, एवढे पुरते. द्विध्रुवी विकार (बायपोलर) असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यात जागरणानेच उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. सलग दोन रात्री झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणे वाढले, खर्च वाढला, तर घरच्यांनी दसऱ्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. लिथियम (या विकारावरचे औषध) घेणाऱ्याने गरब्याच्या घामात पाणी कमी पडू देऊ नये आणि पाय दुखले म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नये. दोन्हींमुळे रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. हातांची ठळक थरथर, उलट्या, तोल जाणे ही त्याची खूण असून तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

चिंतेची वेळ. चिंता करू नकोस म्हटल्याने ती थांबत नाही, पण पुढे ढकलता येते. मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली युक्ती अशी : रोज एकाच जागी, एकाच वेळी (समजा संध्याकाळी सहाला) अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात चिंता डोके वर काढील तेव्हा वहीत एक ओळ टिपायची, ‘सहाला बघू’ म्हणायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. सहा वाजता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : यात उद्यापर्यंत मला करण्यासारखे काही आहे का? असेल तर पुढची पायरी वेळेसह लिहायची. नसेल तर ओळ तशीच सोडायची. ही बैठक रात्री अंथरुणावर घेतली तर उलटते. दिवस बरा गेला म्हणून ती टाळली, तरीही सवय मोडते.

विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्त्यांना हे विशेष लागू पडते. २०१९ आणि २०२४ चे पूर पाहिलेल्या घरांत पावसाची सर वाढली की छातीत धडधडते आणि माणसे आजवा धरणाची पातळी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर शोधतात. प्रत्येक वेळी क्षणभर हायसे वाटते, म्हणूनच ही सवय घट्ट होते. त्याऐवजी पावसाळ्यापूर्वी कागदपत्रांची पिशवी वरच्या मजल्यावर, गाडी हलवण्याची जागा ठरलेली, औषधे आठवडाभराची. मग इशारा नसेल तर पातळी दिवसातून दोनदाच पाहायची. इशारा आला की अर्थात यंत्रणेचे ऐकायचे.

उदास माणसाला ‘मन लागले की करीन’ असे वाटते आणि मन लागतच नाही. क्रम उलटा लावावा लागतो. कमाटीबागेत तासभर चालण्याचा सोमवारपासूनचा निश्चय बुधवारी मोडतो; दहा मिनिटांचा टिकतो. निघण्यापूर्वी ‘किती बरे वाटेल’ याचा शून्य ते दहा अंदाज लिहावा, आल्यावर खरा आकडा लिहावा. नैराश्यात अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा खाली असतो आणि हे स्वतःच्या अक्षरात दिसणे उपदेशापेक्षा परिणामकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचे माप आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. तिथवर हळूहळू जावे. मे महिन्यात चालणे आठच्या आत उरकावे.

श्वसनाबद्दल गैरसमज फार. घाबरलेल्याला ‘खोल श्वास घे’ म्हटले की तो भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, आणि भीती दुप्पट होते. श्वास खोल नव्हे, सावकाश हवा : चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर, पाच मिनिटे. सराव शांत असताना करावा. पोहणे बुडताना शिकता येत नाही.

इथल्या मराठी बोलण्यात गुजरातीतून आलेला ‘गभरामण’ हा शब्द छातीतल्या धडधडीलाही लावतात आणि मनातल्या भीतीलाही. म्हणून छातीत दुखणे प्रथमच होत असेल, चालताना वाढत असेल किंवा हातात-जबड्यात जात असेल तर आधी ईसीजी, मन नंतर. सततचा थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन व बी-१२ तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत आणि मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ ची कमतरता सहज आढळते. डॉक्टरांशी ज्या भाषेत आपण घरी भांडतो त्या भाषेत बोलावे. तिसऱ्या पिढीतल्या कित्येकांची ती गुजराती असते, आणि त्यात आजी-आजोबांनी वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, झोप-भूक-काम बिघडले, तर सवयींवर विसंबू नये. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले की तज्ज्ञाकडे जावे. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असून त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही आले तर बेरीज न पाहता त्याच दिवशी. असे विचार येतात का हे सरळ विचारावे, विचारल्याने ते मनात रुजत नाहीत. त्या माणसाला एकटे ठेवू नये, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशके घराबाहेर काढावीत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस (१४४१६) ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. शहरात कारेलीबागेत शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय आणि सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते. त्यामुळे औषध नेमके नको तेव्हा सोडले जाते. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ते चालू ठेवतात आणि टप्प्याटप्प्याने कमी करतात. एकदम थांबवल्यास गरगरते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते आणि आजार परतला असे वाटते. शेजारणीने दिलेली अल्प्राझोलाम ही वेगळी, चिंता शमवणारी गोळी. ती अर्ध्या तासात शांत करते, पण काही आठवड्यांत सवय लावते आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री मोरीकडे जाताना पाडते.