बालकाची जडणघडण : सोलापूरच्या संदर्भात

बालकाची जडणघडण म्हणजे जन्मापासून किशोरवयापर्यंत मुलाचे शरीर, भाषा, भावना, स्वभाव आणि विचारशक्ती आकाराला येण्याची प्रक्रिया. जन्मजात देणगी, घर, शेजार, आईबापांचा कामधंदा आणि मुलाच्या वाट्याला आलेले बरेवाईट अनुभव हे सगळे तिच्यात एकमेकांत गुंतलेले असते. ‘वळण लावणे’, ‘संस्कार करणे’, ‘संगोपन’ हे मराठी शब्द मोठ्यांनी काय करायचे तेवढेच सांगतात. मूलही मोठ्यांना वळण लावत असते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. काही बाळे मुळातच शांत, काही चटकन बिथरणारी, तर काही नव्या गोष्टीला हळूहळू रुळणारी असतात, असे त्यांना दिसले. बिथरणाऱ्या बाळाला धीराची आई मिळाली तर निभावते. दोघांची तारच जुळली नाही तर दोघांचेही हाल होतात.

सोलापुरात हा विषय वेगळ्या अंगाने पाहावा लागतो. गिरणी, हातमाग, यंत्रमाग आणि विडी यांवर वाढलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ होती. इथल्या हजारो घरांत राहण्याची आणि कामाची खोली एकच आहे. मूल ज्या जमिनीवर रांगायला शिकते तिथेच आईची मजुरीही चाललेली असते.

‘खाण तशी माती’ आणि सेटलमेंट

मूल आईबापांसारखेच निपजणार, ही समजूत जुनी आहे. म्हणीत ती निरुपद्रवी वाटते. ब्रिटिश राजवटीने तिचा कायदा केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत, म्हणजेच ‘सेटलमेंट’, उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट यांसारख्या जमातींची कुटुंबे तिथे हजेरीच्या पहाऱ्यात राहत आणि त्यांतली कित्येक माणसे गिरण्यांत राबत. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळांत ठेवण्याची तरतूदही १९११ च्या कायद्यात होती. बालविकासाविषयीचा एक चुकीचा सिद्धांत तारेच्या कुंपणापर्यंत कसा पोहोचतो, याचा हा पुरावा शहराच्या पोटातच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र वस्तीला अजून चिकटून आहे. कुंपण गेल्यावरही शाळेत, पोलीस चौकीत आणि शेजारच्या आळीत मुलाला संशयाची नजर भेटत राहिली, आणि आपण कोण आहोत हे मूल अशा नजरांमधूनही शिकत असते.

आनुवंशिकता खोटी नाही. उंची, आजारांचा कल, स्वभावाचा पोत यांत तिचा वाटा असतो. पण वारशाने येतो तो कल. त्यातून पुढे काय उगवते हे पुष्कळ अंशी परिस्थिती ठरवते. गुन्हेगारी रक्तातून उतरते असे मानायला तेव्हाही आधार नव्हता.

प्रतिसाद

मेंदूची वाढ पहिल्या वर्षांत झपाट्याने होते. पाचव्या वर्षापर्यंत त्याचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के होतो. या काळात महागड्या खेळण्यांपेक्षा बाळाला देवाणघेवाण हवी असते. बाळ हुंकारते, आई त्याच्याकडे पाहून हुंकारते. ते बोट दाखवते, आजी म्हणते, “चिमणी आली बघ.” दिवसातून शेकडो वेळा होणारी ही साधी ये-जा भाषेचा, विश्वासाचा आणि स्वतःला सावरण्याच्या क्षमतेचा पाया घालते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी हसूनखेळून बोलणाऱ्या आईला त्यांनी मध्येच दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला बोलते करू पाहते. ते साधले नाही की रडकुंडीला येते आणि शेवटी मान फिरवते. आई समोरच बसलेली असते, तरी बाळापुरती ती तिथे उरलेली नसते.

हा प्रतिसाद कायमचा तुटला तर काय होते, हे अनाथालयांच्या अभ्यासांतून कळले. मनोविश्लेषक रेने श्पिट्झ यांनी १९४० च्या दशकात दोन ठिकाणची बाळे पाहिली. एक स्वच्छ, टापटीप अनाथालय होते, पण तिथे एका परिचारिकेकडे कितीतरी बाळे असत. दुसरी जागा तुरुंगातली होती, जिथे कैदी आया आपली बाळे स्वतः सांभाळत. तुरुंगातली बाळे चांगली वाढली. अनाथालयातली खंगली आणि त्यांतली बरीच दगावली. रुमानियात बुखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात संस्थांमधील १३६ लहान मुले होती. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली गेली. घर मिळालेली मुले पुढे सरस ठरली, आणि जिव्हाळ्याच्या नात्याच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला.

सोलापूर जिल्ह्याला या प्रश्नाची ओळख फार आधीची. पंढरपुरात विधवा व परित्यक्ता स्त्रिया गुपचूप बाळंत होत आणि लोकलाजेपायी मूल टाकून जात. अशा मुलांसाठी तिथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बालकाश्रम सुरू झाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. टाकलेले मूल जगवणे हेच तेव्हा मोठे आव्हान होते. जगलेल्या मुलाला एकच, रोजचे, आपले माणूस हवे असते हे शास्त्राने सांगायला पुढे सत्तर वर्षे लागली.

घर हाच कारखाना

शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग उभे केले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा लौकिक त्यांच्या हातचा. घरात माग असला की त्याची खडखड हाच मुलाच्या झोपेचा आवाज होतो. कांड्या भरणे, सूत उकलणे ही कामे पोराटोरांच्या हाती सहज जात. घरातल्या बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा विडी येते.

विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेली तेंदूची पाने मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटवायचे. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे बोटे थांबली की पैसे थांबले. माल ब्रँचवर, म्हणजे कारखान्याच्या विडी जमा करण्याच्या केंद्रावर, नेऊन दिला की त्यातल्या काही विड्या छाटून बाजूला काढल्या जातात आणि त्या श्रमाचा मोबदला हाती पडत नाही. घरबसल्या काम, म्हणजे मुलांकडेही लक्ष राहते, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्ष परिस्थिती अधिक बिकट आहे. आई दिवसभर हाताच्या अंतरावर असते, पण तिचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे सुपात असतात. ट्रॉनिक यांच्या प्रयोगातली दोन मिनिटे इथे दहा तासांची होतात, असे म्हणणे आईवर अन्यायाचे ठरेल. वळता वळता ती बोलते, गाणे म्हणते, पायाने झोळी हलवते. सोलापूरच्या विडीवाल्या घरांतले मूल नजरेपेक्षा आवाजावर अधिक वाढते. या मातांकडे वेळ नाही असे म्हणून त्यांना ‘पालकत्वाचे’ धडे देणाऱ्यांनी आधी हजार विड्यांचा हिशेब पाहावा. दर वाढला तर तीच आई दोनशे विड्या कमी वळेल आणि तो वेळ मुलाला मिळेल.

तंबाखूची धूळ हा वेगळा प्रश्न. स्वयंपाक, अभ्यास आणि विडी एकाच खोलीत असली की ती धूळ मुलाच्या श्वासात जाते. विडी कामगार स्त्रियांसाठी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. मोठ्या कामगार लढ्याचे ते फळ. हक्काच्या पक्क्या घरामुळे मुलांचे वारंवार बिऱ्हाड बदलणे थांबले, पण सूप नव्या घरातही आले.

मुलीने आईला दोरा बांधू लागावे का, यावर सरसकट उत्तर देता येत नाही. घरच्या कामात हातभार लावणारे मूल जबाबदार आणि कुशल होते, आपण घराला उपयोगी पडतो याचा त्याला अभिमानही असतो. पण ठरलेला आकडा पुरा करण्यासाठी शाळा बुडू लागली, पाठ वाकू लागली, की ती मदत राहत नाही, मजुरी होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई करतो. शाळा सुटल्यावर वा सुटीत घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत मात्र त्यात आहे. धोकादायक धंद्यांना ती लागू नाही. सुपावर बसलेली मुलगी कुठे मदत संपवते आणि कुठे मजुरी सुरू करते, हे घराच्या चार भिंतींत कोण मोजणार?

गिरणी बंद पडल्यावर

सोलापुरात १८७० च्या दशकात पहिली कापड गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, उभी राहिली. गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले. मुलांचे जेवण, शाळा, बापाची भेट सारे पाळीप्रमाणे ठरे. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अशा वेळी मुलांवर काय परिणाम होतो याचा उत्तम अभ्यास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांवर केला. तंगीपेक्षा तंगीने बदललेला बाप मुलांना अधिक जाचतो, असे त्यांना आढळले. चिडका, घुमा, कधी मायाळू तर कधी अंगावर धावून येणारा. दुसरा निष्कर्ष वयाचा. मंदीच्या वेळी किशोरवयात असलेली मुले कामाला लागली आणि पुष्कळशी सावरली. त्याच काळात अगदी लहान असलेल्यांना, विशेषतः मुलग्यांना, ती अधिक भोवली. आपल्याकडेही गिरणी सुटलेल्या बापाच्या थोरल्या मुलाने रिक्षा धरली, दुकानात लागला, घर तारले. धाकट्याच्या वाट्याला काय आले याची दखल सहसा कोणी घेतली नाही.

धाक आणि माया यांच्या मेळावर मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांचे १९६० च्या दशकातील काम प्रसिद्ध आहे. नियम पक्के, पण कारण सांगणारे आणि ऐकून घेणारे आईबाप सर्वांत बरे, हा त्याचा गाभा. शाळेत मारणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध केले. घरातला मार अजून ‘वळण’ याच नावाखाली खपतो.

चार भाषांचे अंगण

घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी, आजोळी कन्नड, अशी मुले सोलापुरात शेकड्यांनी भेटतात. कुणाची अम्मा, कुणाची अव्वा, कुणाची अम्मी, कुणाची आई, आणि ओट्यावर खेळताना सगळ्यांचे एकच “काय बे”. अनेक भाषांनी मूल गोंधळते हा समज १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांच्या माँट्रियलमधील अभ्यासाने खिळखिळा केला. द्विभाषक मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली नाहीत, उलट पुढे होती. अडचण येते ती शाळेत घरच्या भाषेला किंमत नसली तर. पहिल्या दिवशी बाईंचे बोलणे न कळलेले मूल ‘मंद’ ठरते, आणि तो शिक्का घरापर्यंत जातो. किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सुचवते. सोलापूरच्या पूर्व भागात ‘मातृभाषा कोणती’ या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही.

भाषेइतकाच वर्षाचा ठेकाही मुलाला घडवतो. संक्रांतीला पाच वर्षांखालच्या मुलाचे बोरन्हाण होते, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओतले जातात आणि आजूबाजूची पोरे ते वेचायला तुटून पडतात. त्याच दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, भरते. बापाच्या खांद्यावर बसून मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पाहिलेले मूल शहराला आपले मानू लागते. आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव अशीच घट्ट होते.

तग धरणारी मुले

सॅन डिएगो येथील १७,००० हून अधिक प्रौढांच्या अभ्यासात, १९९८ पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बालपणीचा छळ, उपेक्षा, घरातले व्यसन असे अनुभव जितके अधिक, तितका मोठेपणी आजारांचा धोका अधिक, असे दिसले. हे समूहाचे गणित आहे. एकट्या मुलाचे भविष्य त्यावरून वर्तवू नये. हवाईतील कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. गरिबी, भांडणे, आजार यांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे माणूस होते, मग ते आईबाप असोत वा नसोत. सोलापुरात ते माणूस अनेकदा आजी असते, शेजारची काकू असते, किंवा कडेवर भाऊ घेऊन फिरणारी आठ वर्षांची ताई. त्या ताईचे स्वतःचे बालपण कोण सांभाळते, हा प्रश्न इथल्या चर्चांत क्वचितच येतो.

हंगाम

सोलापूर हा राज्यातील प्रमुख साखर जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या येतात, जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवराबायको मिळून तोडणीची एक जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, होतात. मूल बरोबर नेले तर ते कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, वाढते, पहाटे आईबाप फडात गेले की मोठी बहीण त्याला सांभाळते. साखर कारखान्यांजवळच्या साखरशाळा या मुलांसाठी निघाल्या. मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे, हा विचार ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे अंगणवाडी व कुरणशाळांतून (गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळांतून) रुजवला होता. मूल गावीच ठेवले तर हंगामी वसतिगृह किंवा आजी.

जेम्स रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५० च्या दशकात आईपासून काही दिवस दुरावलेल्या लहान मुलांचे वर्णन केले आहे. आधी आकांत, मग खिन्नता, मग अलिप्तपणा. आई परतल्यावर मूल तिच्याकडे पाहतही नाही, आणि काही काळाने तिला क्षणभरही सोडत नाही. हंगाम संपून टोळ्या गावी येतात तेव्हा दारोदार हेच दिसते. दोन वर्षांचे पोर आजीच्या मागे दडते, आईचे डोळे भरतात, शेजारणी हसतात. जाणती आजी त्याला ओढून आईच्या हातात देत नाही. दोघांना शेजारी बसवते आणि स्वतः भाकरी थापायला उठते.