अंडं उकडून बघा, मग इंजेक्शन द्या

स्टर्जन या माशाच्या मादीला कसलीच घाई नसते. कॅलिफोर्नियातल्या मत्स्यशेतीत वाढवलेली पांढरी स्टर्जन पहिल्यांदा अंड्यांवर यायला सात-आठ वर्षं, कधी दहाही घेते. पुढची खेप आणखी दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे रोहू-कटल्याला अंडी सुटावीत म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर हार्मोनचं इंजेक्शन देतात. एखादी मादी फुकट गेली तरी पुढचा पावसाळा असतोच. स्टर्जनच्या बाबतीत चूक फार महाग पडते. इंजेक्शन लवकर दिलं तर अंडी सुटत नाहीत, सुटली तर फळत नाहीत. उशीर झाला तर मादीचं शरीर अंडी पोटातच जिरवायला लागतं.

बाहेरून अंदाज येत नाही. या माशात नर कोणता, मादी कोणती हेसुद्धा वरून ओळखणं अवघड! काळंभोर, तीन-साडेतीन मिलिमीटरचं टपोरं अंडंही फसवू शकतं. खरी खूण त्याच्या आत, केंद्रकात असते. अंडं वाढत असताना केंद्रक मध्याच्या आसपास असतं; पिकत जाईल तसं ते अंड्याच्या एका ध्रुवाकडे, म्हणजे टोकाकडे, जिथून शुक्राणू आत शिरतात तिकडे, सरकतं.

म्हणून मादीच्या पोटाला बारीकसा छेद देऊन थोडी अंडी काढतात, चक्क उकडतात, गार करतात आणि ब्लेडने ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उभी कापतात. काप तिरका गेला की माप चुकलंच. मग सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक आणि ध्रुव यांच्यातलं अंतर मोजून त्याला अंड्याच्या लांबीने भागायचं. अंडं ३.४ मिलिमीटरचं आणि अंतर ०.३४ असेल तर उत्तर ०.१. साधारण एवढं किंवा याहून कमी आलं तर मादी तयार मानतात. ०.१५ आलं तर तिला परत टाकीत सोडायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

पण केवळ या आकड्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं, कारण जिरायला लागलेल्या अंड्यातही केंद्रक ध्रुवाजवळच दिसू शकतं. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे: काही अंडी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घातलेल्या क्षारद्रावणात रात्रभर ठेवायची आणि मग उकडून कापायची. केंद्रक विरून गेलेलं दिसलं, तर अंडी हार्मोनला दाद देतात. तसंच शाबूत राहिलं, तर अंडी अजून कच्ची आहेत किंवा बिघडायला लागली आहेत. कच्ची असतील तर पाणी गार ठेवून वाट बघता येते. ऊन पाण्यात मात्र पिकलेली अंडी भराभर बिघडतात.