‘द मिकाडो’ रंगमंचावर येण्याआधीचं वर्ष

माइक ली यांच्या ‘टॉप्सी-टर्व्ही’ या चित्रपटात (१९९९) प्रदर्शनातून आणलेली जपानी तलवार भिंतीवरून खाली पडते आणि लेखक गिल्बर्टला ‘द मिकाडो’ हे जपानमध्ये घडणारं विनोदी संगीत नाटक सुचतं. प्रसंग झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. लंडनच्या नाइट्सब्रिजमधलं ते जपानी खेड्याचं प्रदर्शन १० जानेवारी १८८५ला उघडलं; जपानी कथानक १८८४मध्येच ठरलं होतं.

खरा पेच कराराचा होता. निर्माता डॉयली कार्ट याने सहा महिन्यांची आगाऊ सूचना दिली की गिल्बर्टने नव्या नाटकाची संहिता आणि त्याचा जोडीदार संगीतकार सलिव्हनने संगीत देणं बंधनकारक होतं. ५ जानेवारी १८८४ला आलेली या जोडीची ‘प्रिन्सेस आयडा’ फार चालणार नाही हे दिसताच मार्चमध्ये ती सूचना गेली. गिल्बर्टने जादूच्या वडीची गोष्ट पुढे केली: वडी गिळली की माणूस ज्याचं सोंग घेतो तोच बनतो. सलिव्हनला असल्या चमत्कारांचा वीट आला होता. मे महिन्यात गिल्बर्टने चमत्कार सोडले, तेव्हा कुठे कोंडी फुटली. पण ‘आयडा’ २४६ प्रयोगांनंतर उतरली तेव्हाही नवं नाटक तयार नव्हतं. ऑक्टोबरात त्यांचंच जुनं ‘द सॉर्सरर’ पुन्हा लावावं लागलं.

ही नाटकं जिथे होत त्या कार्टच्या सॅव्हॉय नाट्यगृहाकडे चित्रपट पाहताना जरूर लक्ष द्यावं. सुमारे १,२०० विजेचे दिवे तिथे होते. तरी १० ऑक्टोबर १८८१च्या उद्घाटनाला रंगमंच गॅसवरच उजळावा लागला, कारण जनित्राची ताकद अपुरी पडली. २८ डिसेंबरला तिथेही वीज आली. कार्टने पेटता दिवा मलमलीत गुंडाळून फोडला आणि कापड जळत नाही हे प्रेक्षकांना दाखवलं. गॅसमुळे होणारा उकाडा आणि कोंदट हवा टळली, हा नटांचा मोठाच फायदा.

तालमीला येण्याआधीच गिल्बर्टच्या सगळ्या हालचाली बसवून झालेल्या असत. एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणातला छोटा रंगमंच तो घरी मांडी. पुरुषांसाठी तीन इंची ठोकळे, स्त्रियांसाठी अडीच इंची. म्हणजे सहा फुटी आणि पाच फुटी माणसं. कोण कुठून येणार, कुठे वळणार, हे त्यावरच ठरे. मग तालमीत वाद घालायला जागाच उरत नसे.

प्रदर्शनाचा खरा उपयोग झाला तो इथे. तिथल्या जपानी मंडळींनी नट्यांना आखूड पावलांनी चालणं आणि पंखा उघडणं-मिटणं शिकवलं. ठोकळ्यांना हे जमणारं नव्हतं.

रंगीत तालमीनंतर गिल्बर्टने मिकाडोचं, म्हणजे नाटकातल्या जपानी सम्राटाचं, पद कापलं, आणि समूहगायकांनी गळ घालून ते परत घ्यायला लावलं. चित्रपटातला हा भाग सर्वांत हृद्य आहे, आणि त्याला आधारही आहे. १४ मार्च १८८५च्या पहिल्या प्रयोगात नट ग्रॉसस्मिथ इतका बावरला की नाटक कोसळतं की काय असं वाटल्याचं सलिव्हनने रोजनिशीत नोंदवलं. तीन मुलींच्या पदाला मात्र वन्समोअरवर वन्समोअर मिळाले. २ मेला जपानी खेडं आगीत जळालं. नाटकाचे ६७२ प्रयोग झाले.