जन्मजात व्यंग असलेल्या बाळाची मोफत शस्त्रक्रिया: नोंद कुठे करायची, कागद कोणते लागतात

बाळाचा पाय आत वळलेला असतो, ओठ दुभंगलेला असतो, किंवा डॉक्टर 'हृदयाला छिद्र आहे' असं सांगतात. मग घरचे आधी पैशांची जुळवाजुळव करू लागतात आणि नंतर कुणीतरी सुचवलं म्हणून अपंगत्वाच्या दाखल्यामागे धावतात. शस्त्रक्रियेसाठी तो दाखला लागतच नाही. आधी लागते ती बाळाची नोंद आणि संदर्भ चिठ्ठी.

ही नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. जन्मजात व्यंगांच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडा पाय (क्लबफूट), खुब्याचा सांधा निखळलेला असणं, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष आणि पाठीच्या कण्यातला दोष हे सगळं येतं. तपासणीला उत्पन्नाची अट नाही.

नोंद कुणी करायची हे वयावर ठरतं. प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली असेल तर पहिली तपासणी तिथेच होते. त्यानंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशाताई घरी येतात. त्यांच्यापुढे बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवू नका, अंगावरचे कपडे काढून दाखवा. लाजेपायी किंवा 'दृष्ट लागेल' म्हणून झाकलेलं व्यंग कित्येकदा थेट शाळेतल्या तपासणीत सापडतं. सहा आठवड्यांपासून सहा वर्षांपर्यंत आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढे सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी होते. पथक येईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, बाळाला थेट नेता येतं. सगळे त्याला 'डीईआयसी'च म्हणतात, तेव्हा चौकशीच्या खिडकीवर तेच नाव सांगा.

तिथे तज्ज्ञ तपासतात, सोनोग्राफी किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावतात आणि शस्त्रक्रिया कुठे होईल ते ठरवून संदर्भ चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीचे दोन झेरॉक्स लगेच काढून घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर ती मागतात.

मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. पिवळी, केशरी आणि आता पांढरीसुद्धा शिधापत्रिका असलेली कुटुंबं यात येतात. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय मात्र योजनेत अंगीकृत असायला हवं, आणि तुमची शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का हेही विचारून घ्यावं लागतं. १५५३८८ या मोफत क्रमांकावर ते कळतं. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असा फलक असलेल्या टेबलावर कागद द्यायचे. रुग्णालय ते ऑनलाइन पाठवून पूर्वपरवानगी मागतं आणि मंजुरी आली की शस्त्रक्रिया करतं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात.

इथे एक चूक फार महागात पडते. 'आधी पैसे भरून दाखल करू, मंजुरी आली की परत मिळतील' या भरवशावर अनेकजण राहतात. योजना रोकडविरहित आहे, परताव्याची नाही. आरोग्यमित्राशी बोलल्याशिवाय अनामत भरू नका. कुणी मागितलीच तर पावती घ्या आणि वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

कागद तसे थोडेच असतात: शिधापत्रिका, आई किंवा वडिलांचं आधार, बाळाचा जन्मदाखला, संदर्भ चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल. अडतं ते नावापाशी. नवजात बाळाचं नाव शिधापत्रिकेवर नसतं, म्हणून जन्मदाखल्यासोबत आई किंवा वडिलांबरोबरचा बाळाचा फोटो लागतो. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव घालून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं, हा घोळ तर घरोघरी आहे. दवाखान्याच्या दारात पोचण्याआधी तो मिटवा.

एखादी शस्त्रक्रिया योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखीव असतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा. दुभंगलेल्या ओठ-टाळूसाठी 'स्माइल ट्रेन' या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया मोफत होते.

कागदांइतकंच वय महत्त्वाचं आहे. दोन्ही डोळ्यांत जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर मेंदू त्या डोळ्यांनी बघायला शिकतच नाही. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची बोलणं सुरू होण्याच्या सुमारास, नऊ ते अठरा महिन्यांत करतात. ओठासाठी सर्जन जुना हिशेब पाहतात: दहा आठवडे वय, साडेचार किलो वजन, दहा हिमोग्लोबिन. कागद पूर्ण आणि बाळ अशक्त, म्हणून तारीख पुढे गेली, हे दृश्य नेहमीचं आहे. टाळू दुभंगलेलं बाळ नीट ओढून पिऊ शकत नाही. बाळाला उभं धरून, काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायची पद्धत डीईआयसीतल्या परिचारिकेकडून पहिल्याच भेटीत शिकून घ्या. मुलाच्या लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नका, दुरुस्तीला तीच त्वचा लागते.

वाकड्या पायाला तर बहुधा मोठी शस्त्रक्रिया लागतही नाही. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ आणतात, मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) लहानसा छेद देऊन सैल करतात. खरी परीक्षा त्यानंतर. दांडी जोडलेले बूट सुरुवातीचे तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. बाळ रडतं म्हणून आजी ते काढून ठेवते आणि पाय पुन्हा वळतो. म्हणून बूट देतात त्या दिवशी आजीलाही दवाखान्यात सोबत न्या, आणि पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.