पार्श्वभूमी : दहा वर्षे झाली, आता कायम व्हायचं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर बेमुदत संपावर गेले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी नव्या निर्णयाची नव्हती. १४ मार्च २०२४ चा शासन निर्णय अमलात आणा, एवढंच म्हणणं होतं. दहा वर्षे सेवा झालेल्यांचं मंजूर समकक्ष पदांवर समायोजन, म्हणजे नियमित सेवेत सामावून घेणं, त्यासाठी ३० टक्के जागा, उरलेल्या ७० टक्के सरळसेवेने, म्हणजे बाहेरच्या उमेदवारांच्या थेट भरतीने, असं त्या निर्णयाचं सूत्र. पण उद्या समायोजनाचा आदेश खरोखर हातात पडला, तर घ्यायचा की नाही, यावर मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयांत आणि उपकेंद्रांत बरीच घालमेल आहे. ती फक्त पगाराच्या आकड्यांची नाही. कंत्राटातली मागची वर्षे सेवेत धरणार का, हे कुणी नीट सांगत नाही, आणि इथल्या रोजंदारी-कंत्राटी माणसाचं भांडण नेहमी त्याच वर्षांवरून झालं आहे.

निजामी काळातल्या मुलकी नियमांपासून (स्थानिकांनाच नोकरी देण्याच्या) किंवा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरच्या सेवाज्येष्ठतेच्या वादापासूनही हे सांगता येईल, पण मस्टरवरून (रोजंदारीच्या हजेरीपटावरून) आस्थापनेवर (खात्याच्या नियमित पटावर) जाण्याचा खरा धागा पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत सापडतो. जायकवाडीची पायाभरणी पैठणला ऑक्टोबर १९६५ मध्ये झाली. धरणावर, कालव्यांवर, रस्त्यांवर रोजंदारीची माणसं. १९६७ च्या कालेलकर तडजोडीने ठरवलं की सलग पाच वर्षे भरलेल्या कामगाराला ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घ्यायचं. नियमितही आणि अस्थायीही! नाव काही असो, त्यातून हाती काहीतरी लागलं. पुढे १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी आकस्मिक खर्चातून पगार घेणाऱ्याचं पद नियमित आस्थापनेत रूपांतरित झाल्यास आधीच्या सलग सेवेतली निम्मी धरायची सोय केली. निम्मीच, पण धरली.

रोजगार हमीच्या कामांवरच्या हजेरी सहाय्यकांच्या वाट्याला एवढंही सहज आलं नाही. ३१ मे १९९३ ला कामावर असलेल्यांना शासकीय सेवेत सामावून घ्यायचा निर्णय १ डिसेंबर १९९५ ला झाला. प्रत्यक्ष नेमणुका जशा पदं रिकामी होतील तशा, म्हणजे कुणाची लवकर, कुणाची निवृत्ती जवळ आल्यावर. मग आधीची वर्षे पेन्शनला धरायची का, यावर औरंगाबाद खंडपीठात याचिकांमागून याचिका.

२००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या आणि आजच्या कर्मचाऱ्याची कोंडी त्या दोन्हींत मिळून आहे. एप्रिलमध्ये ग्रामीण आरोग्य अभियान (आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं मूळ रूप) सुरू झालं आणि ११ महिन्यांच्या आदेशांवर भरती होऊ लागली. आदेश संपला की मध्ये खंड, मग नवा आदेश. पैसा केंद्र-राज्याचा, आता ६०:४० असा, आणि तोही वर्षागणिक मंजूर होणाऱ्या आराखड्यातला. पद आराखड्यात असतं, आकृतिबंधात, म्हणजे खात्याच्या मंजूर पदांच्या यादीत, नसतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्याने नव्या नेमणुकांसाठी जुनी पेन्शन बंद केली. म्हणजे कंत्राटाचं दार उघडलं आणि काही महिन्यांत कायमपणातला सर्वांत मोलाचा ऐवज बाहेर काढून ठेवला गेला. (शिक्षणसेवकाची गोष्ट वेगळी. २००० पासूनच्या त्या योजनेत मानधन तुटपुंजं होतं, २०१२ पासून २०२३ पर्यंत प्राथमिकला ६,०००, मग १६,०००; पण तीन वर्षांनी वेतनश्रेणी मिळणार हे पहिल्याच आदेशात लिहिलेलं असे.)

आता ही ‘दहा वर्षे’ आली कुठून? कोणत्याही तालुक्यात कंत्राटी माणसाला विचारा, ‘दहा झाली की कायम करावंच लागतं, कोर्टाचा निकाल आहे’ हे ऐकायला मिळेल. निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा, १० एप्रिल २००६ चा, कर्नाटकातल्या खटल्यावरचा, सगळे ‘उमादेवी’ म्हणतात तो. पण पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठाचं मूळ म्हणणं नेमकं उलट होतं: जाहिरात, स्पर्धा, आरक्षण यांना वळसा घालून आलेल्याला केवळ बरीच वर्षे काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, आणि न्यायालयांनीही तसे आदेश देऊ नयेत. दहा वर्षांचा उल्लेख ५३ व्या परिच्छेदात, अपवाद म्हणून येतो. माणूस पात्रताधारक हवा, पद मंजूर आणि रिक्त हवं, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा किंवा अधिक वर्षे काम झालेलं हवं. अशांच्या नेमणुका ‘अनियमित’ असतील, ‘बेकायदा’ नसतील, तर सरकारांनी एकदाच, सहा महिन्यांत प्रक्रिया सुरू करून, त्यांचा विचार करावा.

त्यातला ‘एकदाच’ हा शब्द गावपातळीवर पोचलाच नाही. २०१० मध्ये न्यायालयाने तो उलगडून सांगितला: निकालाच्या तारखेला ज्यांची दहा वर्षे झाली होती त्या सगळ्यांचा विचार होईपर्यंत ही एकवेळची प्रक्रिया पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही. हिशेबाची तारीख एप्रिल २००६ च राहिली. आरोग्य अभियानातल्या पहिल्या नेमणुकांना तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. म्हणजे ज्या परिच्छेदावर इतकी आशा टांगली गेली, त्यात हे लोक कधी नव्हतेच. त्यांची दहा वर्षे २०२४ च्या शासन निर्णयातली आहेत. ती सरकारने दिली, म्हणून अंमलबजावणीही सरकारच्याच मर्जीवर. संप लागतो तो त्यामुळे.

‘अनियमित’ आणि ‘बेकायदा’ यांतली रेषाही प्रशासनाने सोयीने ओढली. जिल्हा निवड समितीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, गुणांकन केलं, कागदपत्रं तपासली, तरी पद कंत्राटी म्हणून नेमणूक ‘मागल्या दाराची’ ठरवायची, हा युक्तिवाद सरकारी वकिलांनी वर्षानुवर्षे केला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या जलविषयक कार्यालयातल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं: काम कायम स्वरूपाचं असेल, वर्षानुवर्षे तीच माणसं करत असतील, तर ‘अंशकालीन’ किंवा ‘कंत्राटी’ अशी चिठ्ठी चिकटवून २००६ च्या निकालाची ढाल करता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबादच्या माळ्यांच्या प्रकरणात सूर तसाच राहिला. घटनापीठाचा निकाल मात्र जागेवरच आहे.

दुसऱ्या बाजूलाही मराठवाड्याचीच मुलं आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा लातूरच्या अभ्यासिकेत बसलेल्याला समायोजनाच्या ३० टक्के जागा आपल्या ताटातून गेल्यासारख्या वाटतात, आणि कंत्राटी नेमणुकांत बिंदुनामावली (आरक्षणाचा ठरलेला क्रम) पाळली होती का हा त्याचा प्रश्न खोटा नाही. त्याच वर्षी बाह्य संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा सरकारचा निर्णय विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, तो याच मुलांच्या रोषामुळे.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतला कायदा वेगळा, तो इथे थोडक्यात. वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही १९७१ च्या राज्य कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे, आणि २००६ च्या निकालाने औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार जात नाही हे २००९ मध्ये एसटीतल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात ठरलं. ठेकेदारामार्फत लागलेल्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आडवा येतो: कंत्राटी पद्धत बंद केली तरी मूळ मालकाकडे आपोआप वर्ग होता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या कामगार संहितांनी मुदतीच्या नोकरीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली, कायमपण नाही.

राहिला हिशेब. तिशीत लागलेली कंत्राटी परिचारिका ४५ व्या वर्षी समायोजित झाली, तर ५८ पर्यंत नियमित सेवा १३ वर्षे. राज्याच्या २०२४ च्या सुधारित पेन्शन योजनेत शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांसाठी २० वर्षे लागतात. ती मोजणार समायोजनाच्या तारखेपासून, आणि निम्मी धरायची १९८२ ची वाट जुन्या पेन्शनबरोबरच बंद झाली. ज्येष्ठता यादीत ही परिचारिका कालच्या सरळसेवेतल्या मुलीच्या बरोबरीने किंवा खाली. १५ वर्षे एकाच जिल्ह्यात काढल्यावर संवर्ग राज्यस्तरीय असेल तर बदलीही. उलट बाजूला रजा, वैद्यकीय प्रतिपूर्ती, बँकेचं कर्ज, मागे कुटुंबाला अनुकंपा, आणि दर मार्चमध्ये आराखड्यात पद राहिलं का याची चौकशी न करणं. तिशीतल्यासाठी उत्तर सरळ आहे, घ्यावं. पन्नाशीतल्यासाठी तितकं नाही, आणि लेखापाल, कार्यक्रम समन्वयक, डेटा ऑपरेटर यांच्यापैकी ज्यांना नियमित आस्थापनेत समकक्ष पदच सापडत नाही, त्यांच्यापुढे निवडच आलेली नाही. आयुष्मान भारतमधले समुदाय आरोग्य अधिकारी २५,००० मानधन आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत घेतात. ही योजनाच २०१८ ची, तेव्हा त्यांच्यातल्या पहिल्यांची दहा वर्षेही २०२८ च्या आत भरत नाहीत.