छोट्या संघांचे फुटबॉल सराव-खेळ (मराठवाडा)

अकरा-अकरा गड्यांऐवजी दोन ते सात गड्यांचे संघ पाडून, आखूड मैदानात, प्रशिक्षकाने बदललेल्या नियमांनी खेळायचा सरावाचा फुटबॉल. पुस्तकी नाव ‘स्मॉल साइडेड गेम्स’. मैदानावर मात्र ‘तीन-तीन’, ‘चार-चार’ एवढेच म्हणतात. दमसास, चेंडूवरचा ताबा आणि क्षणात निर्णय घेण्याची सवय या तिन्ही गोष्टी त्यातून एकदमच घोटल्या जातात. जगभर गल्लीबोळांत मुले असे खेळतच आली आहेत. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने अशाच आखूड खेळाला नियमांत बसवले, त्यातून फुटसाल हा पाच-पाच गड्यांचा खेळ आला. पुढे १९८० च्या दशकात नेदरलँड्सने ‘चार विरुद्ध चार’ हा मुलांच्या शिक्षणाचा पाया ठरवला.

असा खेळ रचताना पहिला आकडा प्रत्येक गड्याच्या वाट्याला येणाऱ्या जागेचा. १०५ बाय ६८ मीटरच्या पूर्ण मैदानात २२ जणांत प्रत्येकाला सुमारे ३२५ चौरस मीटर मिळतात. ४० बाय ३० मीटरवर चार-चार खेळले तर १५० आणि ३० बाय २० वर ७५. गडी कमी केले की प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो, झटापटी वाढतात आणि नाडी चढते. तीन-तीन किंवा चार-चारच्या चांगल्या डावात ती कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. गडी तेवढेच ठेवून मैदान वाढवले तर धावणे वाढते, पण चेंडू घ्यायला निवांत वेळ मिळतो. मैदान आवळले की वेळ संपतो; डोके वर करून आधीच पाहून ठेवणाराच तिथे टिकतो. गोलकीपर असावा की नसावा, एका गड्याने चेंडूला सलग किती वेळा पाय लावायचा (टच), चेंडू बाहेर गेल्यावर दुसरा लगेच आत टाकायचा की नाही, हे सगळे नंतर येते. प्रशिक्षक कडेने ओरडून चेव देतो की गप्प उभा राहतो, यानेही खेळाचा जोर बदलतो.

मुली आणि मुलगे यांच्यासाठी मापे वेगळी हवीत का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कबड्डीत पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचे १२ बाय ८. फुटबॉलने तसे केले नाही. मैदान, ७.३२ बाय २.४४ मीटरचा गोल आणि पाच नंबरचा चेंडू दोघांना सारखाच. वरिष्ठ महिला खेळाडूही सामन्यात साधारण १० किलोमीटर धावतात. फरक मुख्यतः अतिवेगाने कापलेल्या अंतरात आणि किकच्या पल्ल्यात दिसतो. म्हणून मुलग्यांसाठी आखलेले मोठे चौकोन तसेच मुलींना दिले की लांबचे पास पोचत नाहीत आणि खेळ तुटतो. उलट ‘मुली आहेत’ म्हणून फारच आवळले तर धावायला जागा उरत नाही. प्रशिक्षकाने पाच मिनिटे खेळ पाहावा. गर्दीमुळे सलग चार-पाच पास होत नसतील तर मैदान थोडे वाढवावे. कोणी कोणाला गाठतच नसेल तर हद्दीचे शंकू दोन पावले आत घ्यावेत. दोन मुलींच्या दमात जेवढा फरक असतो तेवढा मुलगा-मुलगीच्या सरासरीत अनेकदा नसतो, त्यामुळे संघ पाडताना दम आणि कौशल्य पाहणे केव्हाही चांगले.

मराठवाड्यातल्या शाळांना सगळ्यात सोयीचे मैदान त्यांच्याकडे आधीच आखलेले असते, ते म्हणजे खो-खोचे. २७ बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर. तीन-तीनला प्रत्येकी ७२, चार-चारला ५४. फक्की पुसट झाली असली तरी चारही कोपरे शाबूत असतात. दोन्ही टोकांना विटांचे दोन-दोन छोटे गोल मांडावेत, म्हणजे चार दारे होतात. चेंडू मिळालेली मुलगी डाव्या दाराकडे निघते, तिथे दोघी धावून येतात. त्या क्षणी उजवे दार उघडे पडलेले असते. पहिल्या दिवशी ती तशीच घुसते आणि चेंडू गमावते. आठवड्याभरात चेंडू पायाशी येण्याआधीच तिची मान उजवीकडे वळू लागते. ही वळलेली मान म्हणजे सराव लागू पडल्याची सर्वांत खात्रीची खूण. ते शब्दांनी शिकवायला महिने जातात. इथे दोन जादा दारे ते काम करतात.

मिश्र संघांत नियम जपून लावावे लागतात. मुलगे मुलींना पास देत नाहीत, मग ‘मुलीचा गोल दुप्पट’ असा नियम होतो. हेतू भला असला तरी त्यातून मुलीला कच्चं लिंबू ठरवले जाते, आणि ते तिला लगेच कळते. ‘संघातल्या प्रत्येकाचा पाय लागल्यावरच गोल’ हा सर्वांना सारखा लागणारा नियम त्यापेक्षा बरा. दोन्हीकडून खेळणारा एक गडी ठेवणे हा आणखी एक उपाय. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाचा तो होतो, आणि ही जागा दर डावाला बदलावी. मधल्यावर राज्य ठेवून भोवतीच्यांनी चेंडू फिरवायचा खेळ तर मुलांना सांगावाही लागत नाही.

जमीन, पाणी आणि ऊन यांचा हिशेब इथे टाळता येत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात बुटाला चिकटून ढेकूळ होते. मुरूम टाकलेल्या मैदानावर सुटे खडे पायाखालून निसटतात. पूर्ण मैदानावर एकदा ५ मिलिमीटर पाणी मारायचे तर सुमारे ३५,७०० लिटर लागतात, ३० बाय २० च्या तुकड्याला ३,०००. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा प्रदेशात हा फरक निर्णायक आहे. २०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’ या राज्य सरकारच्या फुटबॉल मोहिमेच्या निमित्ताने फुटबॉल राज्यभरच्या शाळांत पोचला, पण अकरा-अकराचे जपलेले मैदान फार थोड्यांकडे होते. शाळेला एक छोटा तुकडा वर्षभर सांभाळणे जमते. त्यातले खडे वेचणे आणि भेगा बुजवणे हे प्रशिक्षणाचेच काम मानावे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा डाव सकाळी लवकर, दोन-तीन मिनिटांचे, तेवढ्याच विश्रांतीचे आणि मध्ये पाणी पाजून. चार मिनिटांचे चार डाव हा नेहमीचा साचा हिवाळ्यासाठी राखून ठेवावा.

छोट्या मैदानात थांबणे, वळणे आणि उलट फिरणे फार होते. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत महिला फुटबॉलपटूंना पुरुषांच्या दोन ते तीन पट अधिक होते, आणि बरेचदा कोणाचा धक्का न लागताच. त्यामुळे वीसेक मिनिटांचा ‘फिफा ११+’ हा दुखापती टाळण्यासाठीचा सराव मुलींच्या संघात वगळणे चूक आहे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळते. तेव्हा लवकर धापा टाकणाऱ्या मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसेल तर पाळीच्या दिवसांत मुली येणे बंद करतात, आणि मग कितीही सुबक आखलेला चौकोन रिकामाच राहतो.

या खेळांची मर्यादाही ठरलेली आहे. २७ मीटरमध्ये पूर्ण वेग पकडता येत नाही, लांब क्रॉस (कडेवरून गोलासमोर मारलेला चेंडू) आणि ऑफसाइडची जाण येत नाही. सुब्रतो चषकासारख्या शालेय स्पर्धेला अकरा-अकरा उतरायचे असेल तर आठवड्यातून एक-दोनदा ३० ते ४० मीटरच्या सरळ धावा वेगळ्या घ्याव्या लागतात. स्पर्धेच्या आधी दोन-तीन आठवडे चौकोन टप्प्याटप्प्याने वाढवत सात-सात आणि नऊ-नऊवर न्यावा, म्हणजे मोठ्या मैदानावर पहिल्याच सामन्यात अंतराचा अंदाज चुकत नाही.