ओबीची वाळू काळी नसते

नागपूर-चंद्रपूरकडे घर बांधायला काढलं की कुणीतरी सांगतंच, 'खाणीची वाळू घेऊ नका, कोळसा असतो त्यात, भिंत भुसभुशीत होते.' ऐकायला पटतं, पण गल्लत आहे. खाणीशेजारी डोंगरासारखे दिसणारे ढिगारे कोळशाचे नसतात. ते कोळशावरचं आवरण, म्हणजे खाणवाल्यांच्या भाषेत 'ओबी' (ओव्हरबर्डन). उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला ते आधी काढावंच लागतं. माती, चिकणमाती आणि आपल्याकडे भरपूर वालुकाश्म. हा वालुकाश्म म्हणजे मुळात घट्ट झालेली नदीची वाळूच की! तो फोडून, चाळून, धुतला की वाळू सुटते. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, भानेगाव खाणीजवळ हेच केलं आणि ती वाळू नागपूर सुधार प्रन्यासच्या घरकुलांना गेली.

खरी भीती कोळशाची नाही, चिकणमातीची. नीट न धुतलेल्या वाळूत ती राहते आणि सिमेंटची पकड सैल करते. आयएस ३८३ या वाळू-खडीच्या भारतीय मानकात दोन्हींना मर्यादा आहे, कोळशाला १ टक्का. काचेच्या बाटलीत वाळू-पाणी घालून हलवा, तासाभराने बघा: वर गाळाचा जाड थर बसला, तर ट्रक परत पाठवा. नदीची असली तरी.